मास्तरांचा पवन ऊर्जा प्रकल्प

वाऱ्याला कामाला लावणाऱ्या माणसांची नावं मानवजातीच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिली गेली आहेत. मास्तरांचं नाव इमारतीच्या फळ्यावर खडूने लिहिलं गेलं, तेही 'गच्चीत विनापरवाना वस्तू ठेवणारे' या मथळ्याखाली. वरच्या ओळीत कुणाच्या तरी फुटक्या कुंड्या होत्या, खालच्या ओळीत एक बेवारस सायकल.

मास्तर भूगोल शिकवत. म्हणजे निवृत्त होईपर्यंत शाळेत शिकवत आणि निवृत्त झाल्यावर ऐकणारा सापडेल तिथे. व्यापारी वारे, ध्रुवीय वारे, स्थानिक वारे असे जगातले सगळे वारे त्यांच्या जिभेवर वस्तीला होते. फळ्यावर पृथ्वीचा गोल काढून ते त्यावर असे झपाझप बाण ओढत, की मागच्या बाकावर झोपलेल्यांनासुद्धा गार वाटे. प्रत्यक्षातला वारा मात्र त्यांना बाधत असे. कुणी खिडकी उघडी टाकली की ते कानाला मफलर गुंडाळून घेत.

अशा माणसाच्या डोक्यात पवनचक्की शिरली, ती एका टेबलफॅनमुळे.

मास्तरांची एकुलती एक लेक इंजिनिअर होऊन दूर डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्यांवर नोकरीला लागली होती. घरातलं तिचं नाव छकुली. ही छकुली कमरेला पट्टे आवळून आणि डोक्यावर हेल्मेट चढवून आकाशाला टेकलेल्या खांबाच्या पोटातून शिडीने वर जाते, आणि ढगांच्या शेजारी उभी राहून यंत्राच्या आतड्यात हात घालते, हे मास्तरांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि चारचौघांत नीट सांगता येणं वेगळं. नातलगांनी गच्च भरलेल्या एका दिवाणखान्यात, लेक शेजारीच बसलेली असताना, कुणीतरी विचारलं, "काय करते हो लेक हल्ली?" मास्तरांच्या तोंडात तेव्हा बिस्कीट होतं. बिस्कीट सांभाळून जेवढं बोलता आलं तेवढं ते बोलले: "ते मोठाले पंखे असतात ना, त्यांची दुरुस्ती बघते."

यात वाईट हेतू कणभरही नव्हता. घात केला तो आत्याने. आत्या म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, आणि दिवाणखाना तिचाच. समोर आलेला माणूस कुठल्या कामाला येईल हे तिला त्याच्या चपला काढून होण्याआधी कळतं.

"अगं बाई! मग माझा टेबलफॅन बघ की!" ती तिथल्या तिथे उठली. "मेला दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. घरात हुशार पोर असताना नवीन कशाला घेऊ?"

आणि जुन्या चादरीत बांधलेला टेबलफॅन भर मंडळींत इंजिनिअरच्या मांडीवर ठेवण्यात आला. दूरच्या एका मामींनी लगेच मिक्सरचं विचारून घेतलं. एका काकांनी चौकशी केली, घरी येऊन करतेस की आणून द्यावं लागतं?

लेकीने तो चादरीसकट उचलला. पंखा घरापर्यंत आणला, पलंगाखाली पायाने सरकवला आणि निघताना दारात बूट घालता घालता म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर वारे शिकवलेत. माझं काम सांगायला तुम्हाला एवढंच सुचलं?"

त्यानंतर तिचा फोन दर रविवारी यायचा, पण आईला. शेवटी आई फोन बळेच मास्तरांच्या कानाला लावायची.

"जेवलीस?"

"हो."

"वारा कसाय तिकडे?"

"आहे."

"बरं."

"ठेवते."

मास्तर फोनकडे बघत बसायचे. मास्तरीणबाई म्हणायच्या, "पंखेवालीशी आणखी काय बोलणार माणूस!" त्यांना गोड बोलून टोचण्याची सवय होती, आणि मास्तरांना टोचून घेण्याची.

एका सकाळी मास्तर आरशासमोर दाढी करता करता थांबले आणि आरशाला म्हणाले, "अगं छकुली, आमच्या इथे पात्यांचा कोन जरा चुकतोय असं वाटतं. तुमच्याकडे किती ठेवतात?"

वाक्य झकास जमलं होतं. सहज, जाणकार, एका कामातल्या माणसाने दुसऱ्या कामातल्या माणसाला विचारावं तसं. अडचण एवढीच होती, की हे वाक्य बोलायला आधी पाती असायला हवी होती.

"मी गच्चीवर पवनचक्की उभारणार आहे," मास्तरांनी स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं.

मास्तरीणबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आधी न्हाणीघराची कडी बसवा."

कडी राहिली. मास्तर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वेल्डरकडे गेले. या गृहस्थाने आसपासच्या साऱ्या इमारतींना फाटकं, खिडक्यांना जाळ्या आणि जिन्यांना कठडे पुरवले होते. मास्तरांनी वहीच्या पानावर काढलेली आकृती त्याने आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली.

"फाटकच ना साहेब?"

"पवनचक्की."

"म्हणजे गोल फाटक." त्याला लगेच उमगलं. "नक्षी कुठली टाकू? वेलीची की चौकटींची?"

"नक्षी कशाला? ते यंत्र आहे."

"नक्षीशिवाय माल माझ्या दुकानाबाहेर जात नाही. लोक म्हणतील, कारागीर आजारी होता."

आठवडाभरात पवनचक्की गच्चीवर उभी राहिली. खांबावर वेल चढली होती. वेलीला पानं होती, पानांच्या बेचक्यात लोखंडी कळ्या होत्या. भंगारातल्या एका यंत्राची मोटार वर बसवली होती, तिला तीन पाती, आणि तिच्यापासून निघालेली तार जिन्याच्या वरच्या टोकाला लावलेल्या एका बल्बपर्यंत. पवनचक्की फिरली की बल्ब लागणार, अशी सुटसुटीत योजना. वेल्डरने खांब पाण्याच्या टाकीला खेटून रोवला, पट्ट्या मारून टाकीला आवळला आणि चक्कीचं तोंड रस्त्याकडे करून पक्कं जोडून टाकलं. त्याचं सारं काम रस्त्याकडे तोंड करूनच असे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, हे त्याचं तत्त्व होतं.

"हलवून बघा," तो स्वतः वरच्या दांडीला लोंबकळत म्हणाला.

"हलत नाही," मास्तर कौतुकाने म्हणाले.

"हलणारच नाही. पाती फिरतील, मान फिरणार नाही. माझ्या कामाला आजवर कुणी खुळखुळा म्हटलेलं नाही."

जगाच्या नकाशावरचा कुठलाही वारा कुठून येऊन कुठे जातो हे डोळे मिटून सांगणाऱ्या मास्तरांना टाकीचा भक्कम आधार बघून फार बरं वाटलं.

बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. मग सेक्रेटरी वर आले. सोसायटीचे हे सेक्रेटरी कुठल्याशा कचेरीत जन्मभर जुनी दप्तरं सांभाळून निवृत्त झाले होते आणि खिशात पेनाऐवजी खडू बाळगत. त्यांनी पवनचक्कीभोवती एक फेरी मारली, एक कळी नखाने टकटक वाजवून पाहिली, आणि खाली जाऊन फळ्यावर मास्तरांचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यातच सभा भरली. पहिल्या मजल्यावरचे वकील खाली उतरत होते, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कपड्यांची बादली घेऊन वर चढत होत्या, आणि मास्तर मधल्या वळणावर सापडले.

"मास्तर, एक साधा प्रश्न," वकील म्हणाले. "वारा कुणाचा?"

"सगळ्यांचा."

"मान्य केलंत. मग सगळ्यांचा वारा एकट्याने वापरायला सगळ्यांची लेखी संमती हवी."

"अहो, वापरला म्हणून संपतो का वारा? पुढे जातोच की."

"पुढे जातो, पण दमून जातो," काकू म्हणाल्या. "तुम्ही त्यातली वीज काढून घेतलीत तर माझे कपडे कशाने वाळायचे?"

वकिलांनी मान डोलावली. मुद्दा कायद्याच्या दृष्टीने नवा होता आणि त्यांना नवे मुद्दे क्वचितच मिळत. शेवटी ठरलं, की मास्तरांनी वीज कार्यालयाची रीतसर परवानगी आणावी, मग बघू.

वीज कार्यालयातल्या खिडकीमागच्या कारकुनाच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, वीज घेणारी आणि वीज देणारी. मास्तर स्वतःच्याच जिन्यातल्या एका बल्बसाठी स्वतःच वीज करणार म्हटल्यावर त्याने चष्मा काढून पुसला.

"घरगुती पवनचक्की असा प्रकार आमच्याकडे नाही. 'पवन ऊर्जा प्रकल्प' आहे. तिथे टाकू?"

"प्रकल्प कसला, एकच आहे हो. एवढीशी."

"संख्या कोण विचारतंय? नाव एकदा वर्गात बसलं की काम झालं."

अशा रीतीने मास्तर पवन ऊर्जा प्रकल्पाचे मालक झाले, आणि मालकाला पुसायचे प्रश्न त्यांना पुसण्यात आले. अवजड यंत्र वाहून नेण्यासाठी पोहोच रस्ता आहे का? मास्तरांनी सांगितलं, जिना आहे. लोकवस्तीपासून अंतर पुरेसं आहे का? मास्तर प्रामाणिक होते. त्यांनी सांगितलं, मी खालीच राहतो. "म्हणजे प्रकल्पाच्या जागेवर मालकाचा मुक्काम," असं पुटपुटत कारकुनाने ते समाधानकारक ठरवलं. परिसरातल्या पक्ष्यांना काही धोका? टाकीवर दोन कबुतरं बसतात, ती चक्कीच्या पात्यांवरही बसायला लागली आहेत, हे सांगणं मास्तरांनी टाळलं.

मग पाहणीला तपासनीस आले. ते फाटकाशी उभे राहून क्षितिजावर डोंगर शोधू लागले.

"प्रकल्प कुठे आहे?"

"वर."

"किती वर?"

"चौथ्या मजल्याच्या वर. लिफ्ट नाही."

गच्चीवर पोहोचल्यावर तपासनिसांना धाप आवरेना. काकूंनी पालथ्या घातलेल्या बादलीवर ते बराच वेळ बसून राहिले. मग समोरच्या वेलबुट्टीकडे बघत त्यांनी कपाळ पुसलं आणि विचारलं, "परवानगी नाकारली, तर मला फेरतपासणीला पुन्हा यावं लागेल?"

"नियमाप्रमाणे यावंच लागेल," मास्तर म्हणाले.

परवानगी मिळाली. सोबत लावायला एक लाल पाटी मिळाली: 'पवन ऊर्जा प्रकल्प. अनधिकृत प्रवेशास सक्त मनाई.' मास्तरांनी ती नियमाप्रमाणे गच्चीच्या दारावर ठोकली. दुसऱ्या दिवशी काकू ओले कपडे घेऊन मास्तरांच्या दारात उभ्या. "प्रकल्पाचे मालक आहेत का घरात?" त्यांनी मास्तरीणबाईंना विचारलं. "आत जाऊन दोन टॉवेल वाळत घालायचे होते. अर्ज कुठे द्यायचा?"

आता फक्त पवनचक्की फिरायची राहिली होती.

ती फिरेना. गच्चीवर वारा नव्हता असं नाही. मागच्या मैदानाकडून चांगला भरभरून यायचा. काकूंची कपड्यांची दोरी सदा रस्त्याच्या दिशेला ताणलेली असे, आणि चिमटा निसटला की उशीचा अभ्रा थेट समोरच्या फुटपाथवर. "माझे अभ्रे रस्ता ओलांडून जातात, आणि तुमचं हे पान ढिम्म हलत नाही!" काकू म्हणायच्या. पण पवनचक्की टाकीच्या आडोशाला पाठ टेकून रस्त्याकडे बघत उभी. जणू कुणाची तरी वाट बघतेय.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. वकील म्हणाले, पाती हलकी करा. काकू म्हणाल्या, तेल घाला. वेल्डर म्हणाला, वेल जड झाली असेल तर दोन कळ्या कमी करतो, पण जिवावर येतं. मास्तर रोज सकाळी वर जात, बोटाने पात्याला हलकेच ढकलत, ते कुरकुरत अर्धा वळसा घेई आणि थांबे. मास्तर आजूबाजूला कुणी पाहिलं नाही ना याची खात्री करून खाली येत.

एकदाच ती फिरली. एका दुपारी उलट्या दिशेने, रस्त्याकडून वावटळ उठली. पवनचक्कीने डोळे उघडावेत तशी सुरुवात केली, मग अशी काही भणाणली की खालच्या मजल्यावरच्या बशा वाजायला लागल्या. जिन्यातला बल्ब लखकन लागला, मास्तर धावत आले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक पातं सुटून गिरक्या घेत सेक्रेटरींच्या बाल्कनीतल्या कुंडीत जाऊन उभं रोवलं गेलं. सेक्रेटरींनी ते परत दिलं नाही. पुरावा म्हणून ठेवून घेतलं. वेल्डरने नवं पातं बसवलं, आणि प्रायश्चित्त म्हणून त्यावरही एक फूल काढलं.

इतकं सगळं झालं तरी मास्तरांनी लेकीला चकार शब्द सांगितला नव्हता. चक्की नीट फिरू लागली की ते वाक्य सहज टाकायचं, असं त्यांनी पक्कं केलं होतं. रविवार येत होते, जात होते. जेवलीस, हो, वारा कसाय, आहे.

आणि एका रविवारी फोन आला तो थेट मास्तरांना.

"बाबा, आमच्याकडच्या शिकाऊ मुलांना लहान प्रकल्प दाखवायचेत. वीज कार्यालयाची यादी बघत होते." लेक थांबली. "त्यात एक पवन ऊर्जा प्रकल्प आपल्या घराच्या पत्त्यावर आहे."

"आहे," मास्तर म्हणाले.

"आपल्या? घरी?"

"गच्चीवर. हो."

मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजात काहीतरी हललं. "तुम्ही केलीत? ... फिरते?"

इथे खरं बोलणारा माणूस बाप नसतो. "फिरते म्हणजे काय!" मास्तर म्हणाले.

"मग शनिवारी येते मी. मुलांना घेऊन."

फोन ठेवल्यावर मास्तरीणबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच टोमणा गिळला. "पाणी आणू?" एवढंच विचारलं.

शनिवारी वारा पडला. पडला म्हणजे असा, की समोरच्या बेकरीच्या धुराड्यातला धूर पट्टीने रेघ ओढावी तसा सरळ वर चालला होता. काकूंच्या दोरीवरच्या चादरी इस्त्री केल्यासारख्या लोंबत होत्या. कबुतरं पात्यांवर निवांत बसली होती. मास्तर कोट घालून, लाल पाटीशेजारी काकूंच्या पालथ्या बादलीवर बसले होते आणि मधूनमधून ओलं बोट हवेत धरत होते. आता बोटसुद्धा वाळायला तयार नव्हतं.

सेक्रेटरी नोटीस घेऊन वर आले. पातं सुटल्याबद्दलची ती नोटीस त्यांनी वकिलांकडून फार मेहनतीने लिहून घेतली होती. कोटातले मास्तर बघून ते थबकले.

"कुणी येणारंय?"

"लेक येतेय. चक्की बघायला. मी तिला फिरते म्हणून सांगितलंय," मास्तर म्हणाले. लपवण्याचं त्राणही उरलं नव्हतं. "इतक्या दिवसांनी स्वतःहून फोन केला हो तिने मला."

सेक्रेटरी कबुतरांकडे बघत उभे राहिले. "माझा चिरंजीव फोनवर 'ठेवतो' हा शब्द आधी बोलतो, मग बाकीचं," ते म्हणाले. त्यांनी नोटीस घडी घालून खिशात टाकली, खडूच्या शेजारी, आणि खाली निघून गेले.

थोड्या वेळाने ते परत आले ते स्टँडचा उंच पंखा मिठीत धरून. "हा माझा पंखा. इथे ठेवायला मी स्वतःला परवानगी दिलेली नाही," ते म्हणाले. "फक्त ठेवतोय. फळ्यावर माझं नाव मी संध्याकाळी लिहीन."

मग वारा नव्हता तिथे माणसांची वावटळ उठली. काकूंनी दोन टेबलफॅन आणले आणि आपल्या सगळ्या चादरी रस्त्याकडच्या कठड्याच्या अलीकडे ओळीने वाळत घातल्या, म्हणजे पंखे झाकले जातील. चादरी कोरड्या होत्या, पण वेळ पडली तर ओल्या आहेत असं सांगायची त्यांची तयारी होती. वकिलांनी आपला पंखा 'सर्व हक्क राखून' आणून दिला. कधी न बोलणाऱ्या बिऱ्हाडांतूनही पंखे आले. वायरींची जाळी जिन्यातून उतरून काकूंच्या घरातल्या खटक्यांपर्यंत पोचली. शेवटी मास्तरीणबाई वर आल्या, त्यांच्या हातात आत्याचा चादरीत बांधलेला पंखा.

"अगं, तो चालत नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे चालता? ओळीत उभं राहायला काय जातंय त्याला?"

आत्याचा पंखा अगदी शेवटी ठेवला गेला. प्रत्येक पंख्यामागे त्याचा मालक उकिडवा बसला. खटके दाबले गेले. चादरी फुगल्या, त्यांच्या फटींतून वारा सुटला, कबुतरं दचकून उडाली, आणि चक्की हळूहळू, मग भराभर, मग डौलात फिरू लागली. जिन्यातला बल्ब लागला. मास्तरांचे डोळे भरून आले. वीज वापरून वारा आणि वारा वापरून वीज, असा हा उलटा व्यवहार त्यांना त्या क्षणी विज्ञानाची परमावधी वाटला.

जिन्यात पावलं वाजली. आधी हेल्मेट हातात धरलेली लेक आली, मागून शिकाऊ मुलामुलींचा घोळका, दमलेला आणि उत्सुक. लेकीने पहिल्यांदा बल्ब पाहिला, मग पाती पाहिली, मग लोखंडी वेल पाहिली. मग तिची नजर बेकरीच्या सरळ उभ्या धुरावर गेली. तिथून ती फुगलेल्या चादरींवर आली आणि थांबली. एका चादरीखालून सेक्रेटरींच्या चपला दिसत होत्या.

"मॅडम," जाड चष्म्याची एक मुलगी म्हणाली, "खाली तर पानही हलत नव्हतं. इथेच कसा काय वारा?"

गच्चीवरच्या साऱ्यांचा श्वास अडकला, दिसणाऱ्यांचाही आणि न दिसणाऱ्यांचाही.

लेकीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी कोटाचं बटण घट्ट धरलं होतं.

"स्थानिक वारा," ती म्हणाली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "बाबांनी जन्मभर हेच शिकवलंय. बाबा, मुलांना सांगा ना जरा."

आणि मास्तर सुरू झाले. दिवसा डोंगर तापतो आणि दरीतला वारा चढावर कसा निघतो, तो संध्याकाळी उलटा कसा उतरतो, पाण्याजवळचा वारा सकाळी एका दिशेने आणि संध्याकाळी दुसऱ्या दिशेने का वाहतो. फळा नव्हता म्हणून त्यांनी हवेतच बाण ओढले. मुलं ऐकत होती. लेकही ऐकत होती, हेल्मेट छातीशी धरून, पूर्वी शाळेतून येऊन ऐकायची तशी. "म्हणून वाऱ्याला कधी गृहीत धरू नये," मास्तर भरात येऊन म्हणाले, "तो आता आहे, आणि पुढच्या क्षणाला..."

खालून फट् असा आवाज आला. एवढ्या पंख्यांचा भार काकूंच्या घराच्या फ्यूजने जेवढा वेळ सोसला, तेवढाच फार होता.

पंखे घुरघुरून थांबले. चादरी खाली बसल्या. एक चादर निसटून पडली आणि तिच्यामागे उकिडवे बसलेले सेक्रेटरी, वकील, काकू आणि निम्मी इमारत, प्रत्येकाच्या पुढ्यात एक पंखा, असं दृश्य उघडं झालं. चक्कीने दोन फेऱ्या लाजेखातर घेतल्या आणि ती थांबली. बल्ब गेला.

"या, या," सेक्रेटरी उठता न येऊन तिथूनच म्हणाले. "बसा."

लेकीने ओठ दाबून धरले होते. खांदे मात्र दाबता येईनात. ती हसत हसत खाली बसली, काकूंच्या बादलीवर, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. मुलंही हसली. शेवटी वकीलही हसले, हक्क राखून.

मास्तर तेवढे उभे होते. "मी खोटं बोललो," ते हळूच म्हणाले. "ती फिरत नाही."

"आज आमच्याही फिरत नाहीयेत, बाबा," लेक म्हणाली. "चार दिवस झाले, वारा पडलाय. डोंगरावरच्या सगळ्या उभ्या आहेत ओळीने. वर चढून दुरुस्तीची कामं उरकली, म्हणून तर आज निघता आलं." ती उठली, चक्कीभोवती फिरली, टाकीच्या पट्ट्या ओढून पाहिल्या. "पण हिचं निराळंच आहे. वारा येतो मैदानाकडून आणि मध्ये टाकी. शिवाय हिला मान वळवता येत नाही. आमच्या चक्क्या वारा येईल तिकडे मान वळवतात."

"घरातल्या माणसाची सवय लागली असेल तिला," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचा टोमण्यांचा उपास सुटला होता.

मास्तरांनी घसा साफ केला. आरशासमोरचं वाक्य त्यांना अक्षर न् अक्षर आठवत होतं, पण तोंडातून निघालं ते अगदीच साधं. "छकुली, पात्यांचा कोन... तुमच्याकडे किती ठेवतात?"

शिकाऊ मुलांनी 'छकुली' हा शब्द ऐकून एकमेकांकडे पाहिलं. छकुलीला त्याचं काही नव्हतं. तिने बापाच्या हाताचा तळवा धरला, तो पात्यासारखा तिरपा केला आणि सांगायला लागली. वारा मंद असला तर किती, जोराचा असला तर किती, वादळात पाती कशी मिटून घ्यायची. ती बोलत होती आणि मास्तर हात तसाच तिरपा धरून उभे होते.

तेवढ्यात वकिलांनी खाली जाऊन फ्यूज बसवला असावा, कारण सगळे पंखे एकदम सुरू झाले. एक सोडून. ओळीच्या शेवटी आत्याचा पंखा मख्ख उभा होता. लेकीने तो ओळखला. हेल्मेट बाजूला ठेवून ती म्हणाली, "आई, स्क्रू ड्रायव्हर आण गं."

गच्चीवर मांडी घालून तिने पंखा उघडला. भोवती शिकाऊ मुलं वाकून बघत होती, त्यांच्या मागे मास्तर.

चक्कीची मान मोकळी करायला वेल्डरने साफ नकार दिला, त्यामुळे ती आजही टाकीला पाठ टेकून रस्त्याकडे तोंड करून उभी आहे. वीज कार्यालयाच्या यादीत तिचं नाव कायम आहे, आणि फळ्यावर मास्तरांच्या खाली सेक्रेटरींचंही. या साऱ्या प्रकल्पातून आजवर निष्पन्न झालं ते एकच: आत्याचा टेबलफॅन दुरुस्त झाला.